पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या व्यवसायवाढीचे धोरण

पर्सिस्टंट सिस्टिम्स ही पुणे येथे मुख्यालय असलेली सॉफ्टवेअर कंपनी आहे. डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० साली तिची स्थापना केली. बँका, रुग्णालये, औषधनिर्मिती संस्था आणि मुख्यतः इतर सॉफ्टवेअर कंपन्या यांच्यासाठी लागणारे उद्योगोपयोगी सॉफ्टवेअर तयार करणे व सांभाळणे, हा तिचा व्यवसाय आहे. २०१० सालापासून कंपनीचे समभाग मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोन्ही ठिकाणी नोंदलेले आहेत. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे ११,९०० कोटी रुपये, म्हणजे सुमारे १४१ कोटी अमेरिकी डॉलर होता.

या कंपनीने जी उत्पादने घडवली त्यांपैकी बहुतेकांवर तिचे नाव नाही. ती उत्पादने दुसऱ्या कंपन्यांच्या नावाने विकली गेली. ज्या मालावर आपली मुद्रा नाही अशा मालाच्या बळावर एखादी कंपनी किती मोठी होऊ शकते, हा प्रश्न पर्सिस्टंटच्या साऱ्या वाटचालीत पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. त्याला वेगवेगळ्या काळात मिळालेली वेगवेगळी उत्तरे म्हणजेच या कंपनीच्या वाढीच्या धोरणाचा इतिहास होय.

स्थापना आणि सुरुवातीचा काळ

आनंद देशपांडे यांनी खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून संगणकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा सुसूत्रपणे ठेवण्याची व हवी ती माहिती त्यातून चटकन काढण्याची विद्या, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यानंतर काही काळ त्यांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे हेवलेट-पॅकार्डच्या संशोधन प्रयोगशाळेत काम केले आणि १९९० मध्ये ते पुण्यास परतले. कंपनीच्या प्रवर्तकांत त्यांचे वडील सुरेश देशपांडे यांचाही समावेश होता.

कंपनीचे नाव डेटाबेसशास्त्रातील एका संज्ञेशी जुळणारे आहे. संगणक बंद केल्यावर किंवा आज्ञावली थांबल्यावरही जी माहिती पुसली न जाता टिकून राहते, तिला त्या शास्त्रात 'पर्सिस्टंट' म्हणतात. सामान्य इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ चिवट, चिकाटीचा असा होतो.

त्या काळी भारतातून सॉफ्टवेअर निर्यात करणे आजच्याइतके सोपे नव्हते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी निर्यातदार कंपन्यांचे काम सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतून मिळणाऱ्या उपग्रह जोडणीवर किंवा चुंबकीय फितींवर चालत असे. या योजनेच्या आरंभीच्या केंद्रांत बंगळूर आणि भुवनेश्वर यांच्यासोबत पुण्याचा समावेश होता. तसे नसते तर पुण्यातील या व्यवसायाची सुरुवात बरीच लांबली असती.

दुसऱ्यांची उत्पादने घडवण्याचा व्यवसाय

१९९० च्या दशकात भारतातील मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे मुख्य ग्राहक म्हणजे परदेशी बँका, विमा कंपन्या, कारखाने व किरकोळ विक्रेते होते. या ग्राहकांच्या कार्यालयांत चालणाऱ्या जुन्या संगणकप्रणाली सांभाळणे, त्यांत फेरफार करणे, २००० सालाच्या तारखेची अडचण दूर करणे, अशा स्वरूपाचे ते काम होते. ते प्रचंड प्रमाणावर उपलब्ध होते आणि त्यासाठी माणसेही प्रचंड लागत.

पर्सिस्टंटने वेगळा ग्राहक निवडला. जी कंपनी स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकते, तिच्याच उत्पादनाचा काही भाग लिहून देणे हे काम तिने पत्करले. या व्यवसायप्रकाराला पुढे 'बाह्य उत्पादनविकसन' असे नाव पडले. वरवर पाहता दोन्ही कामे सारखीच वाटतात, कारण दोन्हींत अभियंते संगणकापुढे बसून आज्ञावली लिहितात. परंतु त्यांत मूलभूत अंतर आहे. बँकेची अंतर्गत प्रणाली एकाच ठिकाणी चालते. विक्रीसाठीचे उत्पादन मात्र हजारो ठिकाणी, वेगवेगळ्या यंत्रांवर, अनोळखी माणसांच्या हाती चालावे लागते. त्याची नवी आवृत्ती ठरलेल्या दिवशी बाजारात यावी लागते आणि त्यात राहिलेला एक दोष एकाच वेळी सगळ्या ग्राहकांना भोवतो. त्यामुळे येथे माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या सखोल ज्ञानाला अधिक किंमत असते.

उत्पादक कंपनीने आपले उत्पादन बाहेरच्या माणसांच्या हाती का द्यावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. अमेरिकेतील नव्या कंपनीजवळ भांडवल मोजके असते आणि तेथील अभियंत्यांचे वेतन जास्त असते. जुन्या, स्थिरावलेल्या कंपनीजवळ पैसा असतो, पण तिचे उत्तम अभियंते नव्या उत्पादनाकडे वळलेले असतात, आणि जुन्या उत्पादनाचे ग्राहक तर सोडवत नाहीत. अशा वेळी चाचण्या, जुन्या आवृत्तीची देखभाल, नव्या यंत्रावर उत्पादन चालते करणे ही कामे प्रथम बाहेर जातात. विश्वास बसला की उत्पादनाचा गाभाही सोपवला जातो. पुण्यातील अभियंते झोपेतून उठतात तेव्हा कॅलिफोर्नियात संध्याकाळ झालेली असते, ही गोष्टही दोन्ही बाजूंना सोयीची ठरली.

या व्यवसायातील वाढ मोठ्या जाहिरातीने होत नाही. एका ग्राहकाकडे पाच-सात अभियंत्यांच्या गटापासून सुरुवात होते, काम पसंत पडले तर गट मोठा होतो, मग त्याच ग्राहकाचा दुसरा विभाग काम देतो. ग्राहक कंपनीतील एखादा अधिकारी नोकरी बदलून दुसरीकडे गेला की तेथूनही बोलावणे येते. पर्सिस्टंटची पहिल्या वीस वर्षांतील वाढ बरीचशी या रीतीने झाली. डेटाबेस हे मर्यादित पण खोल क्षेत्र प्रथम निवडल्यामुळे तिला त्या वर्तुळात ओळख मिळाली.

या मार्गाच्या दोन मर्यादाही आरंभापासून स्पष्ट होत्या. उत्पादन कितीही खपले तरी ते लिहून देणाऱ्याला मिळतो तो ठरलेला मेहनताना. खपातील वाढीचा फायदा मालकाकडे जातो. दुसरी मर्यादा अशी, की ग्राहकाने उत्पादन बंद केले, स्वतःची कंपनी विकली किंवा खर्च कमी करायचे ठरवले, तर लिहून देणाऱ्याच्या कामात काहीही चूक नसताना त्याचे काम जाते. २००० नंतर अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला तेव्हा या व्यवसायप्रकाराला ही झळ जाणवली.

भांडवलाची उभारणी

कंपनीने भांडवल उभारण्यात घाई केली नाही. पहिली दहा वर्षे ती प्रामुख्याने स्वतःच्या मिळकतीवर वाढली. २००० साली इंटेलच्या गुंतवणूक विभागाने आणि २००५ साली नॉर्वेस्ट व गॅब्रिएल या साहसवित्त संस्थांनी तिच्यात पैसे गुंतवले. अशा गुंतवणूकदारांमुळे केवळ पैसा मिळतो असे नाही. त्यांनी पैसे लावलेल्या इतर नव्या कंपन्यांची ओळख होते आणि त्यांतून ग्राहकही मिळतात.

मार्च २०१० मध्ये कंपनीने जनतेला समभाग देऊ केले. प्रत्येक समभागाची किंमत ३१० रुपये ठरली आणि उपलब्ध समभागांच्या सुमारे ९३ पट मागणी आली. ६ एप्रिल २०१० रोजी समभागांची बाजारात नोंदणी झाली. पुढे २०१५ मध्ये एकास एक बक्षीस समभाग देण्यात आला आणि २०२४ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या समभागाचे पाच रुपयांच्या दोन समभागांत विभाजन झाले. म्हणजे प्रारंभी घेतलेल्या एका समभागाचे आता चार झाले आहेत.

महाराष्ट्र आणि गोव्यातील विस्तार

पुण्यात सेनापती बापट मार्गावरील 'भगीरथ' ही कंपनीच्या मुख्यालयाची इमारत होय. कंपनीच्या इतर इमारतींनाही प्राचीन भारतातील विद्वानांची नावे आहेत. एरंडवण्यात 'आर्यभट-पिंगल' आहे, नागपुरात 'गार्गी-मैत्रेयी' आहे. पिंगल हा छंदःशास्त्राचा कर्ता. लघु-गुरूंच्या मांडणीचा त्याने केलेला विचार द्विमान पद्धतीच्या फार जवळ जातो, त्यामुळे संगणकाच्या घराला त्याचे नाव शोभून दिसते.

नागपूर आणि गोवा येथे केंद्रे काढण्यामागे नामकरणापेक्षा अधिक व्यावहारिक विचार होता. पुणे व बंगळूर येथे अभियंत्यांच्या नोकऱ्या बदलण्याचे प्रमाण मोठे असते. एखाद्या उत्पादनावर तीन वर्षे काम केलेला माणूस निघून गेला तर त्याच्या डोक्यातील माहिती त्याच्याबरोबर जाते, आणि उत्पादनविकसनात हा तोटा साध्या देखभालीच्या कामापेक्षा जास्त बोचतो. विदर्भातील आणि गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघालेल्या मुलामुलींना घराजवळ त्याच दर्जाचे काम मिळाले तर ती अधिक काळ टिकतात. गोव्यातील कंट्रोलनेट ही कंपनी २००५ मध्ये आणि नागपूरशी संबंधित इन्फोस्पेक्ट्रम ही कंपनी २०११ मध्ये पर्सिस्टंटने विकत घेतली.

कंपन्यांची खरेदी

लहान कंपन्या विकत घेणे हा पर्सिस्टंटच्या वाढीचा कायमचा भाग राहिला आहे. या खरेद्यांचा हेतू मात्र काळानुसार पालटला.

सुरुवातीच्या खरेद्या माणसे व कौशल्य मिळवण्यासाठी होत्या. २०११ मध्ये अ‍ॅजिलंट टेक्नॉलॉजीजचे फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सॉफ्टवेअर केंद्र घेण्यात आले, तेव्हा युरोपात पाय ठेवायला जागा मिळाली. ग्राहकाचे केंद्रच त्यातील माणसांसह ताब्यात घ्यायचे आणि तेच काम त्याला पुढे करून द्यायचे, हा या व्यवसायातील एक रुळलेला प्रकार आहे. ग्राहकाचा कायमचा खर्च कमी होतो आणि घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून उत्पन्न सुरू होते.

त्यानंतरच्या खरेद्या उत्पादनांच्या होत्या. दुसऱ्याच्या उत्पादनावर आयुष्य काढणाऱ्या कंपनीला स्वतःचे उत्पादन असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पर्सिस्टंटने अ‍ॅक्सिलराइट नावाचा स्वतंत्र विभाग उभा केला. मोठ्या कंपन्यांना नकोशी झालेली, पण ज्यांचे ग्राहक अद्याप टिकून आहेत अशी उत्पादने घ्यायची, त्यांचा विकसनखर्च भारतात आणून कमी करायचा आणि देखभालीचे शुल्क मिळवत राहायचे, अशी ही कल्पना होती. हेवलेट-पॅकार्डचे रेडिया, इंटेलकडून एपोना, सिट्रिक्सकडून क्लाउडप्लॅटफॉर्म अशी उत्पादने २०१३ ते २०१६ या काळात या विभागाकडे आली.

कल्पना हिशेबाला चोख होती. परंतु मोठी कंपनी एखादे उत्पादन विकते ते बहुधा त्याची वाढ थांबल्यावरच. जुने ग्राहक वर्षागणिक कमी होत जातात. नवे मिळवायचे तर विक्रेत्यांची फौज लागते, आणि ती पर्सिस्टंटजवळ नव्हती. अभियांत्रिकी उत्तम असणे आणि माल विकता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. कालांतराने कंपनीच्या एकूण महसुलात या विभागाचा वाटा घटत गेला.

एका ग्राहकावरील भार

२०१६ मध्ये पर्सिस्टंटने आयबीएमशी मोठा करार केला. यंत्रे, मोटारी, विमाने यांची रचना करणाऱ्या कंपन्यांना लागणारी आयबीएमची काही अभियांत्रिकी उत्पादने विकसित करण्याचे काम त्यानुसार पर्सिस्टंटकडे आले. घराघरांतील आणि कारखान्यांतील वस्तू इंटरनेटला जोडण्याचे तंत्र त्या वेळी ऐन भरात होते आणि ही उत्पादने त्याच्याशी निगडित होती. करारामुळे कंपनीचा आकार एकदम वाढला. परंतु एकूण महसुलाचा सुमारे चतुर्थांश एकाच ग्राहकाकडून येऊ लागला.

यातील धोका साध्या गणिताने समजतो. समजा, कंपनीचा महसूल १०० रुपये आहे आणि त्यातील २५ रुपये एका ग्राहकाचे आहेत. त्या ग्राहकाचे काम वर्षात दहा टक्क्यांनी घटले, तर अडीच रुपये जातात. एकूण महसूल दहा टक्क्यांनी वाढवायचा असेल, तर उरलेल्या ७५ रुपयांच्या व्यवसायाला साडेबारा रुपयांची भर घालावी लागते. म्हणजे तो जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढला पाहिजे. बाकीचे विभाग जीव तोडून धावत असले तरी बाहेरून पाहणाऱ्याला कंपनी रेंगाळलेली दिसते.

पुढील वर्षांत जवळपास असेच घडले. डॉलरमध्ये मोजलेला महसूल २०१७-१८ मध्ये सुमारे ४७ कोटी, २०१८-१९ मध्ये सुमारे ४८ कोटी आणि २०१९-२० मध्ये सुमारे ५० कोटी होता. सेवाव्यवसायात इतकी मंद वाढ धोक्याची मानली जाते, कारण अभियंत्यांची वेतनवाढ तिच्यासाठी थांबत नाही.

याच काळात मूळ व्यवसायाची जमीनही सरकत होती. पूर्वी उद्योगोपयोगी सॉफ्टवेअर एकदा मोठी रक्कम भरून विकत घेतले जाई आणि ते ग्राहकाच्या यंत्रावर बसवले जाई. आता ते इंटरनेटवरून मासिक वा वार्षिक वर्गणीवर वापरले जाऊ लागले. एकाच आवृत्तीवर सर्व ग्राहक काम करू लागल्याने जुन्या आवृत्त्या सांभाळणे, त्या निरनिराळ्या यंत्रांवर चालवून पाहणे ही कामे आटली. दुसरीकडे, सॉफ्टवेअर न विकणाऱ्या बँका, विमा कंपन्या व रुग्णालये यांना आपली सेवा मोबाइलवर चांगल्या सॉफ्टवेअरच्या रूपात द्यावी लागू लागली. उत्पादन कसे घडवावे हे ज्ञान या संस्थांजवळ नव्हते, पर्सिस्टंटजवळ होते.

२०१९ नंतरचा बदल

स्थापनेपासून जवळजवळ तीन दशके कारभार हाती ठेवलेल्या देशपांडे यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद बाहेरून आलेल्या व्यक्तीकडे सोपवले. २०१९ मध्ये आयबीएममधून आलेले ख्रिस्तोफर ओकॉनर या पदावर नेमले गेले. त्याच वर्षी संदीप कालरा हे सेवाविभागाचे प्रमुख म्हणून आले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांच्याकडे मुख्य कार्यकारी अधिकारीपद आले. देशपांडे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून राहिले. संस्थापकाने कारभार सोडणे आणि तरीही कंपनीत राहणे हे मराठी उद्योगविश्वात अवघड मानले गेले आहे. दोन वर्षांत दोन अधिकारी बदलले यावरून येथेही ते एका फटक्यात साधले नव्हते, हे दिसते.

नव्या धोरणाचा आशय थोडक्यात असा होता. सॉफ्टवेअर व उच्च तंत्रज्ञान, बँका व वित्तसेवा, आरोग्यसेवा व जीवविज्ञान या तीनच क्षेत्रांवर लक्ष द्यायचे. लहान ग्राहकांची संख्या वाढवण्यापेक्षा निवडक मोठ्या ग्राहकांकडील काम वाढवायचे. आणि नवे सॉफ्टवेअर पायापासून लिहिण्याऐवजी सेल्सफोर्स, मायक्रोसॉफ्ट, गूगल, अ‍ॅमेझॉन यांच्या तयार व्यवस्थांवर ग्राहकांची कामे उभारून द्यायची. बड्या कंपन्यांचे विक्रेते अशा वेळी पर्सिस्टंटचेही अर्धे विक्रेते होतात, कारण त्यांची व्यवस्था खपायची तर ती बसवून देणारा कुणी तरी लागतोच. अ‍ॅक्सिलराइटच्या काळात जी उणीव नडली होती ती अशा रीतीने भरून निघाली.

कंपन्यांच्या खरेदीचाही हेतू आता तिसऱ्यांदा बदलला. सेल्सफोर्सचे काम करणारी पार्क्स २०१७ मध्ये आणि यूपीरियन्स २०१९ मध्ये घेतली गेली होती. त्यानंतर विविध प्रणाली एकमेकींशी जोडण्याचे काम करणारी कॅपिऑट, बँकांमधील देयकव्यवहारांत मुरलेल्या सॉफ्टवेअर कॉर्पोरेशन इंटरनॅशनल व फ्यूजन ३६०, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर काम करणारी डेटा ग्लव्ह आणि गूगलच्या क्लाउडवर काम करणारी मीडियाअ‍ॅजिलिटी या कंपन्या २०२० ते २०२२ या काळात आल्या. यांपैकी कोणतीही खरेदी पर्सिस्टंटच्या तुलनेत फार मोठी नव्हती. प्रत्येकीतून एक विशिष्ट कौशल्य आणि काही ग्राहक मिळाले. त्या ग्राहकांना पर्सिस्टंटची उरलेली सेवा देऊ करायची आणि आपल्या जुन्या ग्राहकांना हे नवे कौशल्य, असा दुहेरी उपयोग त्यांत होता. २०२४ मध्ये पुण्यातीलच आर्का ही माहितीच्या गोपनीयतेसंबंधी सल्ला देणारी कंपनीही घेण्यात आली.

परिणाम आकड्यांत दिसून आला. २०१९-२० मधील ५० कोटी डॉलरचा महसूल २०२२-२३ मध्ये सुमारे १०४ कोटी डॉलर झाला, म्हणजे तीन वर्षांत दुपटीहून अधिक. रुपयांत हीच वाढ सुमारे ३,५६६ कोटींवरून ८,३५१ कोटी, म्हणजे सव्वादोन पटीहून अधिक दिसते. हा फरक रुपया घसरल्यामुळे पडलेला आहे. निर्यातदार कंपनीची प्रगती रुपयांत मोजली तर ती बहुधा थोडी फुगलेली दिसते, हे वाचकाने ध्यानात ठेवावयास हवे.

या यशात काळाचाही वाटा होता. २०२० च्या महासाथीत जगभरच्या संस्थांनी आपले व्यवहार घाईने इंटरनेटवर आणले आणि बहुतेक सर्व भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना भरपूर काम मिळाले. मात्र ती लाट ओसरल्यावर अनेकांची वाढ मंदावली, तर पर्सिस्टंटचा महसूल २०२३-२४ मध्ये सुमारे ११९ कोटी आणि २०२४-२५ मध्ये सुमारे १४१ कोटी डॉलरपर्यंत गेला. धोरणाचे श्रेय द्यायचे तर या दोन वर्षांकडे पाहून द्यावे लागेल.

मनुष्यबळ

सेवाव्यवसायात महसूल आणि माणसे बहुधा बरोबरीने वाढतात. पर्सिस्टंटमध्ये मार्च २०२३ च्या अखेरीस सुमारे २३ हजार कर्मचारी होते आणि मार्च २०२५ च्या अखेरीस सुमारे साडेचोवीस हजार. महसूल मात्र त्याच दोन वर्षांत एकतृतीयांशाहून अधिक वाढला. याचे एक कारण असे, की आधीच्या दोन वर्षांत मोठी भरती झाली होती आणि प्रशिक्षण संपवून कामाची वाट पाहणारे बरेच लोक होते. या व्यवसायात त्यांना 'बाकावर बसलेले' म्हणतात. हा बाक रिकामा होत गेला. परंतु रिकामा झालेला बाक दुसऱ्यांदा रिकामा करता येत नाही, त्यामुळे हा लाभ एकदाच मिळणारा आहे.

पुण्यातील इतर कंपन्यांशी तुलना

केपीआयटी ही कंपनीही १९९० सालीच पुण्यात सुरू झाली. आरंभी तिने अनेक क्षेत्रांत काम केले. २०१८-१९ मध्ये बिर्लासॉफ्टशी विलीनीकरण व पुन्हा विभाजन करून तिने सर्वसाधारण सेवाव्यवसाय वेगळा काढला आणि केवळ मोटारींमधील सॉफ्टवेअरवर लक्ष केंद्रित केले. क्विक हीलने तिसरा मार्ग घेतला. संगणक दुरुस्तीच्या दुकानातून पुढे आलेल्या कैलास व संजय काटकर या बंधूंनी विषाणूरोधक सॉफ्टवेअर स्वतःच्या नावाने गावोगावच्या संगणकविक्रेत्यांमार्फत विकले.

तिघांची तुलना करता असे दिसते, की स्वतःच्या नावाचे उत्पादन विकणाऱ्या क्विक हीलचे नाव घरोघरी पोहोचले, पण तिची उलाढाल या तिघींत सर्वांत लहान राहिली. पर्सिस्टंटचे नाव सामान्य ग्राहकाला ठाऊक नसले तरी तिची उलाढाल सर्वांत मोठी झाली. प्रसिद्धी आणि आकार यांचा संबंध या क्षेत्रात फार सैल आहे.

पुढील उद्दिष्टे आणि आव्हाने

२०२६-२७ पर्यंत २०० कोटी डॉलर आणि २०३०-३१ पर्यंत ५०० कोटी डॉलर महसूल गाठण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले आहे. २०२४-२५ च्या पातळीवरून पहिल्या टप्प्यासाठी दरवर्षी सुमारे १९ टक्के वाढ पुरते. दुसऱ्यासाठी त्यानंतर सलग चार वर्षे सुमारे २६ टक्के वाढ लागेल. कंपनी मोठी होत जाते तसा वाढीचा दर सहसा कमी होतो, येथे तो वाढावा अशी अपेक्षा आहे. त्यामुळे आजवरच्यापेक्षा मोठ्या कंपन्या विकत घेतल्याशिवाय हे साधणे कठीण वाटते.

महसुलाचा सुमारे ८० टक्के भाग उत्तर अमेरिकेतून येतो. तीन क्षेत्रांत व्यवसाय विभागला गेल्याने ग्राहकांवरील अवलंबन कमी झाले, पण देशावरील अवलंबन कायम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या नव्या एच-१बी परवान्यांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्यामुळे माणसे तेथे पाठवण्याऐवजी तेथेच नेमणे किंवा काम भारतात अधिक प्रमाणात आणणे याकडे सर्वच कंपन्यांना वळावे लागत आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न याहून मूलगामी आहे. आज्ञावलीचा बराच भाग यंत्रच लिहू लागले, तर माणसांच्या तासांवर आकारलेले शुल्क ग्राहक पूर्वीप्रमाणे देणार नाहीत. पर्सिस्टंटने २०२४ मध्ये 'सास्वा' नावाची स्वतःची प्रणाली पुढे आणली. सॉफ्टवेअर लिहिण्यापासून त्याची चाचणी व देखभाल करण्यापर्यंतच्या कामांत अभियंत्यांना मदत करणे हे तिचे प्रयोजन आहे. कंपनी ती सुटे उत्पादन म्हणून बाजारात विकण्यापेक्षा आपल्या सेवेसोबत ग्राहकाच्या कामात वापरते. तासांऐवजी कामाच्या फलितावर शुल्क घेण्याची पद्धत रुळली, तर यंत्रामुळे वाचलेल्या वेळेचा लाभ लिहून देणाऱ्याला मिळेल. न रुळल्यास तो ग्राहकाच्या पदरात जाईल. अशा प्रकारचे करार अद्याप या व्यवसायात अल्पसंख्य आहेत.